गर्भिणीची कंबर आणि कायद्याचे आठवडे : मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया व प्रसूतिलाभाचा इतिहास

प्रस्तावना

गर्भारपणात कंबर दुखणे ही इतकी सर्वपरिचित गोष्ट आहे की तिलाही इतिहास असू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘दिवस गेले की कंबर धरायचीच’ असे घराघरांत म्हटले जाते आणि तेथेच विषय संपतो. जे सर्वांनाच होते त्याची नोंद कोणी ठेवत नाही. इतिहासलेखनाची साधनेही याला अपवाद नाहीत. गिरणीच्या हजेरीपटात दिवस आणि मजुरी यांची नोंद असते, रुग्णालयाच्या दप्तरात प्रसूतींची संख्या असते, नगरपालिकेच्या अहवालात जन्म आणि बालमृत्यू असतात. मात्र सातव्या महिन्यात यंत्रापुढे दिवसभर राबणाऱ्या स्त्रीच्या कमरेतील कळ या कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

असे असले तरी ही वेदना इतिहासाच्या कक्षेबाहेर नाही. ती कोणाच्या बाबतीत विश्रांतीचे कारण ठरली, कोणाच्या बाबतीत केवळ सोसण्याची बाब राहिली आणि कायद्याने तिच्याकडे केव्हा व किती पाहिले, हे प्रश्न सामाजिक इतिहासाचेच आहेत. प्रस्तुत निबंधात मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा यांना केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नांचा विचार केला आहे. निबंधाचे प्रतिपादन असे की, प्रसूतिविषयक कायद्याने ‘प्रसूती’ ही घटना प्रमाण मानली आणि तिच्या मागेपुढे आठवडे मोजले. ‘गर्भारपण’ ही नऊ महिन्यांची शारीरिक अवस्था आणि तीतील वेदना मात्र कायद्यात फार उशिरा व फार थोड्या प्रमाणात शिरली. ज्या स्त्रीला या विश्रांतीची सर्वाधिक गरज होती, तीच तिच्यापासून सर्वांत दूर राहिली.

प्राचीन वैद्यकातील कटि आणि पृष्ठ

गर्भिणीच्या कमरेची काळजी ही आधुनिक कल्पना नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या सांगितली आहे. पहिल्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत आहार, दूध, तूप आणि शेवटच्या काळात तेलाचे उपचार असा तिचा क्रम आहे. या परिचर्येचे फळ सांगताना चरकाने गर्भिणीची कूस, कटि, पार्श्व आणि पृष्ठ मृदू होतात व वाताची गती अनुकूल होते, असे म्हटले आहे. म्हणजेच कंबर आणि पाठ यांचा ताठरपणा कमी करणे हे त्या परिचर्येचे एक स्पष्ट प्रयोजन होते.

त्याच अध्यायात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची यादी येते. उकिडवे बसणे, विषम किंवा कठीण आसनावर बसणे, वेगांचा अवरोध करणे आणि अतिश्रम करणे यांचा तीत समावेश आहे. सुश्रुतानेही व्यायाम, यानारोहण आणि उत्कटासन गर्भिणीला वर्ज्य मानले आहे. प्रसूती जवळ आल्याची लक्षणे सांगताना चरक पुन्हा कटि, पार्श्व आणि पृष्ठ यांतील वेदनांचा उल्लेख करतो. महिनोन्‌महिने चालणारा कमरेचा त्रास आणि प्रत्यक्ष प्रसववेदनेची चाहूल यांतील भेद प्राचीन वैद्यांना ठाऊक होता, असे यावरून दिसते.

या विवेचनाचे मोल मान्य करतानाच त्यामागील सामाजिक गृहीतक ध्यानात घेणे आवश्यक आहे. दूध, तूप व औषधी तेले ज्या घरात आहेत आणि गर्भिणीच्या वाट्याचे काम करणारी माणसे ज्या घरात आहेत, त्या घरातील स्त्रीसाठी ही परिचर्या लिहिली गेली. उकिडवे बसणे वर्ज्य मानावे असे सांगताना जिची उपजीविकाच वाकण्यावर व उकिडवे बसण्यावर आहे, ती स्त्री ग्रंथकारापुढे नाही. ज्ञान होते, परंतु ते कोणाच्या शरीरासाठी होते हा प्रश्न तेव्हापासूनच शिल्लक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या परंपरेकडे नव्या वैद्यकाच्या अंगाने पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न झाला. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला होता.

महाराष्ट्राच्या लोकरीतीतही विश्रांतीची एक व्यवस्था होती. पहिलटकरणीने सातव्या महिन्याच्या सुमारास माहेरी जावे आणि बाळंतपण तेथेच व्हावे, ही रूढी एका अर्थाने प्रसूतिपूर्व रजाच होती. सासरच्या कामातून सुटका, आईच्या हातचे जेवण आणि सुईणीची देखरेख हे सारे तीत अभिप्रेत होते. पण ही रजा प्रामुख्याने पहिल्या बाळंतपणापुरती होती. शिवाय कमरेला तेल चोळणे, शेक देणे, पोट-कंबर बांधणे हे उपचार मुख्यत्वे प्रसूतीनंतरच्या काळातले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाईने ओझे वाहतच दिवस भरावेत, हीच सर्वसाधारण अपेक्षा असे.

वेदनेची शारीरिक कारणे

आधुनिक शरीरशास्त्राने या वेदनेची कारणमीमांसा विसाव्या शतकात अधिक नेमकी केली. गर्भ वाढतो तसा शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. तोल सांभाळण्यासाठी स्त्री खांदे मागे टाकते आणि कमरेचा नैसर्गिक बाक वाढतो. त्यामुळे कटिकशेरुका आणि त्यांना धरून ठेवणारे स्नायू यांच्यावर ताण येतो. पोटाचे स्नायू ताणले जाऊन त्यांचा आधारही उणावतो. त्याच काळात श्रोणीचे सांधे व बंध सैल होतात. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून हा सैलपणा घडवून आणणाऱ्या द्रव्याचा शोध लावला; त्यालाच पुढे ‘रिलॅक्सिन’ हे नाव मिळाले. अर्थात, रिलॅक्सिनचे प्रमाण आणि वेदनेची तीव्रता यांचा सरळ संबंध सर्व अभ्यासांत आढळलेला नाही. वेदनेत शरीररचनेबरोबर कामाचे स्वरूप, आधीचा कंबरेचा त्रास आणि पूर्वीची बाळंतपणे यांचाही वाटा असतो.

२००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कॅथरीन व्हिटकम, लायझा शपिरो आणि डॅनियल लीबरमन यांचा या विषयावरील एक लक्षणीय निबंध प्रसिद्ध झाला. कमरेचा बाक पुरुषांत दोन कशेरुकांवर, तर स्त्रियांत तीन कशेरुकांवर विभागला जातो आणि हा फरक गर्भारपणीचा भार पेलण्याशी निगडित आहे, असे त्यांनी दाखवले. दोन पायांवर चालणाऱ्या मानवी मादीच्या कण्याने गर्भाचा भार पेलण्यासाठी उत्क्रांतीच्या ओघात ही तडजोड केली. ही तडजोड चालणाऱ्या, हालचाल करणाऱ्या आणि अधूनमधून विसावणाऱ्या शरीरासाठी होती. एकाच जागी अकरा तास जखडलेल्या शरीरासाठी ती नव्हती. आज जगभरातील अभ्यासांनुसार निम्म्याहून अधिक गर्भवतींना कंबरदुखी किंवा श्रोणीच्या वेदना होतात आणि दीर्घकाळ उभे राहणे, वाकणे व जड उचलणे यांनी त्या वाढतात. म्हणून या वेदनेचा इतिहास हा अपरिहार्यपणे श्रमाचाही इतिहास आहे.

गिरणीतील खाते आणि चाळीतील खोली

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत काम करीत. सूत गुंडाळणे, तुटलेला धागा जोडणे, भरलेल्या नळ्या काढून रिकाम्या लावणे असे त्यांचे काम होते. यात सतत लक्ष, सतत हालणारे हात आणि पुढे झुकलेली पाठ लागे. या खात्यांतील स्त्रियांवर नायकिणीची देखरेख असे आणि मजुरी बव्हंशी कामाच्या मापावर मिळे. मापावरच्या मजुरीचा अर्थ स्पष्ट होता : कंबर टेकण्यासाठी घेतलेला प्रत्येक क्षण मजुरीतून वजा होत असे. विश्रांतीला मनाई करण्याची मालकाला गरजच नव्हती. मजुरीची पद्धतच ते काम करीत होती.

कामाच्या तासांवर कायद्याचे काही नियंत्रण होते. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांपुरता मर्यादित केला. १९२२ च्या दुरुस्तीनंतर आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. परंतु या कायद्यांपुढे ‘स्त्री’ ही एकच वर्गवारी होती. तिसऱ्या महिन्यातील, आठव्या महिन्यातील आणि गर्भवती नसलेली स्त्री यांच्यात कायदा फरक करीत नव्हता. शिवाय गिरणीचा भोंगा वाजण्यापूर्वीचे आणि गिरणी सुटल्यानंतरचे काम कोणत्याच कायद्याच्या मोजमापात नव्हते. पहाटे नळावरून पाणी भरणे, हंडा कमरेवर घेऊन जिने चढणे, भाकऱ्या थापणे, धुणी धुणे हे सर्व अकरा तासांच्या अलीकडे-पलीकडे होते.

मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एका स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. डॉ. बार्न्स यांचा हा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना झोपवण्यासाठी अफू देत, ही बाब त्यातून ठळकपणे पुढे आली. याच चौकशीतील चाळीच्या एका खोलीचे वर्णन पुढे वारंवार उद्धृत होत राहिले. पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद अशा त्या खोलीत सहा कुटुंबे राहत होती, सहा चुली होत्या आणि लहानमोठी तीस माणसे होती. त्या सहा स्त्रियांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत कुशीवर वळून पाय पसरण्याइतकीही जागा ज्या घरात नाही, तेथे ‘विश्रांती’ या शब्दाचा अर्थ काय होता, हे या एका वर्णनावरून उमगते.

शहरातील बालमृत्यूचे प्रमाण १९२१ मध्ये हजारी सहाशेहून अधिक नोंदले गेले होते. या आकड्याने सरकार, डॉक्टर आणि समाजसुधारक या सर्वांना हादरवले. परळमध्ये १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले, तेही याच गिरणी वस्तीच्या परिसरात. मात्र या चिंतेचा रोख ध्यानात घ्यावा लागतो. चिंता मुख्यतः जन्मणाऱ्या मुलाविषयी होती. आईचे शरीर महत्त्वाचे होते ते त्या मुलाचे साधन म्हणून. आईची कंबर दुखते हे अद्याप सार्वजनिक प्रश्नाचे रूप घेत नव्हते.

वॉशिंग्टन ते मुंबई : १९१९ ते १९२९

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि त्यात प्रसूतिसंरक्षणाचा करार संमत झाला. प्रसूतीनंतर सहा आठवडे कामास पूर्ण मनाई आणि प्रसूतीपूर्वी सहा आठवडे काम सोडण्याचा हक्क ही त्याची मुख्य कलमे होती. प्रसूतीपूर्वीच्या हक्कासाठी मात्र एक अट होती. सहा आठवड्यांत प्रसूती होण्याचा संभव आहे, असे वैद्यकीय प्रमाणपत्र स्त्रीने सादर करावयाचे होते. हिंदुस्थान सरकारने करार मान्य केला नाही. स्त्री डॉक्टरांची तीव्र उणीव हे त्यासाठी पुढे केलेले एक कारण होते. या कारणात तथ्य होतेच. परंतु त्यातून एक विसंगतीही स्पष्ट होते. वेदना स्त्रीच्या शरीरात होती, तिचा पुरावा मात्र डॉक्टरच्या सहीत शोधला जात होता. जेथे डॉक्टर नव्हता तेथे कायद्याच्या दृष्टीने वेदनाही नव्हती.

१९२४ मध्ये कामगार चळवळीचे नेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. सरकारच्या विरोधामुळे ते १९२५ मध्ये फेटाळले गेले. त्यानंतर हा विषय प्रांतांकडे आला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आर. एस. आसवले यांनी प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. हा काळ साधा नव्हता. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात मुंबईच्या गिरण्यांत प्रदीर्घ सार्वत्रिक संप सुरू होता आणि विधेयकाची चर्चा जुलै महिन्यात, म्हणजे संप ऐन भरात असताना झाली.

विरोधकांचे युक्तिवाद ठरावीक होते. उद्योगावर बोजा पडेल, मालक स्त्रियांना कामावरून कमी करतील, बहुतेक स्त्रिया बाळंतपणाला गावीच जातात, एकाच प्रांताने असा कायदा केल्यास तेथील उद्योग स्पर्धेत मागे पडेल, असा त्यांचा सूर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २८ जुलै १९२८ रोजी या विधेयकाला पाठिंबा देताना केलेली मांडणी या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. प्रसूतीपूर्व काळात आणि नंतरही मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. म्हणून या खर्चाचा मोठा भार तत्त्वतः सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण त्याचबरोबर मालक स्त्रियांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा लाभ असतो म्हणून, त्यामुळे त्यालाही या भारातून पूर्णतः मुक्त ठेवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या मांडणीत ‘प्रसूतीपूर्व’ या शब्दाला स्वतंत्र स्थान आहे, हे नोंदवले पाहिजे. गर्भारपणातील श्रम ही स्त्रीची खासगी बाब नसून समाज, शासन आणि भांडवल या तिघांच्या जबाबदारीची बाब आहे, हे तत्त्व येथे स्पष्ट शब्दांत विधिमंडळापुढे आले.

१९२९ मध्ये विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले. भारतातील प्रसूतिलाभाचा हा पहिला प्रांतिक कायदा होय. प्रसूतीनंतरच्या चार आठवड्यांत स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई झाली आणि प्रसूतीच्या मागील-पुढील आठवड्यांसाठी रोज आठ आणे या दराने लाभ देण्याची जबाबदारी मालकावर आली. त्यासाठी ठरावीक काळ त्या मालकाकडे नोकरी झालेली असणे आवश्यक होते. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांतानेही असा कायदा केला आणि नागपूरच्या गिरण्यांतील स्त्रिया या कक्षेत आल्या. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही श्रम आयोगाच्या अहवालाने अशा कायद्याची शिफारस साऱ्या देशासाठी केली.

कायद्याने काय मोजले

१९२९ च्या कायद्याचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे. बाळंतपण म्हणजे मजुरी बुडणे आणि कदाचित नोकरी जाणे, हे समीकरण त्याने प्रथम मोडले. मात्र त्याची मोजण्याची पद्धत तपासून पाहणे आवश्यक आहे. कायद्याचा केंद्रबिंदू प्रसूतीची तारीख हा होता. त्या तारखेपासून मागे व पुढे आठवडे मोजले जात. त्या आठवड्यांच्या अलीकडे स्त्री कोणत्या यंत्रापुढे, किती तास, कोणत्या स्थितीत काम करते याविषयी कायदा मौन बाळगून होता. गर्भारपणातील कंबरदुखी तर बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यापासून जाणवू लागते. म्हणजे वेदनेचा मोठा काळ कायद्याच्या आठवड्यांत बसतच नव्हता.

दुसरी मर्यादा आर्थिक होती. लाभाचा भार एकट्या मालकावर असल्यामुळे गर्भवती स्त्री ही मालकाच्या हिशेबात खर्चाची बाब झाली. त्यामुळे गर्भारपण शक्य तितके लपवणे आणि त्रासाची वाच्यता न करणे यातच स्त्रीचे हित होते. कंबर धरून बसलेली बाई नायकिणीच्या नजरेस पडणे धोक्याचे होते. वेदना लपवण्याला कायद्याने नकळत का होईना, आणखी एक कारण पुरवले.

पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याची कारणे अनेक होती. तथाकथित सुसूत्रीकरण, वाइंडिंग व रीलिंग खात्यांतील यांत्रिक बदल, स्त्रियांच्या रात्रपाळीवरील कायदेशीर बंदी यांचा त्यात मोठा वाटा होता. प्रसूतिलाभ आणि पाळणाघरे यांच्या खर्चाचेही कारण पुढे केले गेले. या घसरणीचे खापर संरक्षक कायद्यांवर फोडण्याची प्रवृत्ती दिसते. पण दोष संरक्षणाचा नसून त्याचा भार वाटण्याच्या पद्धतीचा होता. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सुचविलेला शासनाचा वाटा प्रत्यक्षात आला असता, तर गर्भवती स्त्री मालकाच्या डोळ्यांत इतकी सलली नसती, असे म्हणण्यास आधार आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हा भार विम्याच्या तत्त्वावर विभागण्याचा मार्ग स्वीकारला, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

‘दीर्घकाळ उभे राहणे’ : कायद्यात शिरलेली कंबर

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांत शरीराच्या स्थितीचा विचार हळूहळू डोकावू लागला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात उभ्याने काम करावे लागणाऱ्या सर्व कामगारांसाठी बसण्याची सोय असावी, असे कलम आले. इजा होईल इतके वजन उचलण्यास वा वाहण्यास लावण्यावरही बंदी आली आणि स्त्रियांसाठी वजनाची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. ही कलमे गर्भवतींपुरती नव्हती. परंतु कामगाराला पाठ व कंबर असते, हे त्यांनी मान्य केले.

१९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतिसंरक्षणाचा सुधारित करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत गर्भवतीसाठी अपायकारक कामांची व्याख्या करताना जड ओझी उचलणे, ढकलणे, ओढणे, असह्य शारीरिक ताण आणि दीर्घकाळ उभे राहणे यांचा स्पष्ट उल्लेख होता. भारताच्या १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात याचे प्रतिबिंब दिसते. बारा आठवड्यांच्या सवेतन रजेखेरीज त्याच्या चौथ्या कलमात एक नवी तरतूद होती. प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यात गर्भवतीने विनंती केल्यास तिला कष्टाचे अथवा दीर्घकाळ उभे राहावे लागेल असे काम देता येणार नाही. दहाव्या कलमाने गर्भारपणातून उद्‌भवणाऱ्या आजारासाठी एक महिन्याची अधिक सवेतन रजा दिली.

भारतीय कायद्याच्या भाषेत गर्भवतीची कंबर खऱ्या अर्थाने शिरली ती येथे. अर्थात तिच्या नावाने नव्हे, तर ‘दीर्घकाळ उभे राहणे’ या शब्दांच्या आडून. तरीही दोन अटी कायम राहिल्या. हलके काम आपोआप मिळणार नव्हते, त्यासाठी स्त्रीने विनंती करावयाची होती. आजाराच्या रजेसाठी विहित पुरावा द्यावयाचा होता. कंबरदुखी हा ‘आजार’ की गर्भारपणाचा ‘स्वाभाविक भाग’, याचा निर्णय पुन्हा इतरांच्या हाती राहिला. स्वाभाविक ठरलेल्या वेदनेला रजा मिळत नाही, हा पेच १९१९ च्या प्रमाणपत्रापासून चालत आला आहे.

कायद्याच्या बाहेरचा कणा

१९६१ चा कायदा प्रारंभी कारखाने, खाणी व मळे यांना लागू झाला. मूळची १६० दिवसांच्या कामाची अट १९८८ च्या दुरुस्तीने ८० दिवसांवर आली. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. मात्र त्यातील प्रसूतीपूर्वीचे आठवडे जास्तीत जास्त आठच. पुढे या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. आठवडे वाढले, परंतु ते मोजण्याची रीत तीच राहिली.

कायद्याच्या कक्षेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे ठळकपणे आला तो दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदारी स्त्रियांच्या खटल्यात. या स्त्रिया रस्त्यांचे बांधकाम व दुरुस्ती, चर खणणे अशी कामे वर्षानुवर्षे करीत होत्या. प्रसूतिलाभ केवळ नियमित कर्मचाऱ्यांनाच देय आहे, असे महानगरपालिकेचे म्हणणे होते. ८ मार्च २००० रोजी न्यायालयाने ते अमान्य केले आणि रोजंदारीवरील स्त्रियाही या लाभास पात्र आहेत, असा निर्णय दिला. गर्भवती असताना कुदळ चालवणारी स्त्री ‘नियमित’ नसली तरी तिचे गर्भारपण नियमितच असते, हे साधे सत्य मान्य होण्यास १९२९ पासून सात दशके लागली.

या निर्णयानंतरही मोठा वर्ग बाहेरच राहिला. महाराष्ट्राच्या संदर्भात ऊसतोडणी कामगार स्त्रियांचे उदाहरण पुरेसे आहे. बीड व मराठवाड्याच्या अन्य दुष्काळी भागांतून दरवर्षी हजारो जोडपी साखरपट्ट्यात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो, मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते आणि कामावर न गेल्यास ‘खाडा’ धरला जातो. वाकून ऊस तोडणे आणि मोळी डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत नेणे ही कामे गर्भवती स्त्रीलाही चुकत नाहीत. गिरणीतील मापावरच्या मजुरीने जे केले तेच येथे टनावरची मजुरी आणि खाडा करतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतींना किमान सहा हजार रुपयांच्या मातृत्वलाभाचा हक्क दिला. तथापि रोख रक्कम आणि विश्रांती या एकच गोष्टी नव्हेत. ज्या व्यवस्थेत बसल्या दिवसाचा दंड कापला जातो, तेथे हाती आलेली रक्कम कमरेवरचे ओझे उतरवीलच असे नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, गर्भिणीच्या कमरेविषयीचे ज्ञान नवे नाही. चरकापासून आधुनिक शरीरशास्त्रापर्यंत वाकणे, उभे राहणे आणि ओझे वाहणे यांचा तिच्यावर होणारा परिणाम ओळखला गेला आहे. दुसरी, हे ज्ञान कायद्यात येताना ‘प्रसूतीची तारीख’ या चाळणीतून गाळले गेले. मोजता येणारे आठवडे तेवढे कायद्यात उरले आणि न मोजता येणारी वेदना बाहेर राहिली. तिसरी, ज्या स्त्रीचे काम सर्वाधिक कष्टाचे, तिला संरक्षण सर्वांत उशिरा मिळाले किंवा मिळालेच नाही. गर्भारपणातील विश्रांती प्रथम संपन्न घरातील स्त्रीला लाभली, नंतर कायम नोकरीतील स्त्रीला. रोजंदारीवरील स्त्रीच्या वाट्याला ती अद्याप पुरेशी आलेली नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी यातून कामाची एक दिशाही सूचित होते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासाने संप आणि चळवळी यांच्या पलीकडचे कामगारजीवन कसे नोंदवता येते, हे दाखवून दिले आहे. त्याच मार्गाने विडी, बांधकाम, शेतमजुरी आणि ऊसतोडणी या क्षेत्रांतील वयस्क स्त्रियांच्या आठवणी महाविद्यालयांच्या पातळीवर नोंदवता येतील. कितव्या महिन्यापर्यंत काम केले, कोणते काम अवघड गेले, कोणी हातातले काम काढून घेतले आणि कोणी घेतले नाही, या साध्या प्रश्नांची उत्तरे सरकारी दप्तरात मिळणार नाहीत. ती त्या स्त्रियांपाशीच आहेत. या नोंदी झाल्या तर प्रसूतिलाभाच्या कायद्याचा इतिहास केवळ कलमांचा व आठवड्यांचा न राहता ज्या शरीरांसाठी तो कायदा झाला, त्यांचाही होईल. आणि कायद्याचा पुढील विचार प्रसूतीच्या तारखेऐवजी गर्भवतीच्या प्रत्यक्ष कामापासून सुरू करण्यास त्यामुळे आधार मिळेल.